तीन पाउच आणि एक नाक

३ मार्च, सोमवार

आधी झालं ते. मत नंतर.

१. साडेनऊला काकांच्या खोलीत बैठक. हजर – काका (मालकाच्या खुर्चीत), आई (खिडकीजवळच्या तिच्या खुर्चीत), विक्रीप्रमुख, मी.
२. विषय – भाजक्या बदाम-काजूच्या नव्या पाउचसाठी फिल्म निवडणे.
३. पर्याय तीन. अ – बाहेर छपाईचा थर, आत सील होणारा थर, मध्ये चांदीसारखा मुलामा दिलेली फिल्म. ब – तसंच, पण मध्ये मुलाम्याऐवजी ॲल्युमिनियम फॉइल. क – मध्ये काहीच नाही. पारदर्शक.
४. मी म्हटलं, अ. ब उत्तम आहे, पण महाग, आणि घडीवर फॉइलला बारीक भोकं पडतात.
५. विक्रीप्रमुख म्हणाले, क. "ग्राहकाला माल दिसला पाहिजे."
६. मी म्हटलं, तो उजेडालाही दिसतो. आणि क मधून हवाही आत येते. बदामातलं तेल खवट होतं.
७. विक्रीप्रमुख म्हणाले, "पण दिसला पाहिजे."
८. काकांनी आईकडे पाहिलं. "वहिनी, तुमचं नाक काय म्हणतं?"
९. आई म्हणाली, "सहा आठवडे पुरे होऊ देत. मग सांगते."
१०. चहा आला. बैठक संपली.

आता मत. चार वर्षं फिल्मचे थर शिकले, एक वर्ष पदविका केली. निर्णय नाक घेणार. छान!

विक्रीप्रमुखांचं नाव आजपासून दिसलंपाहिजे.

४ मार्च, मंगळवार

तिन्ही पाउच ३१ जानेवारीपासून चाळीस अंशाच्या कपाटात ट्यूबलाइटखाली बसलेत. त्यांना घाई नाही. घाई दिसलंपाहिजेंना आहे. आज दोनदा येऊन कपाटाच्या काचेतून पाहून गेले. "क किती देखणा दिसतोय!"

दिसतोय खरा. स्थळंही पहिल्या भेटीत देखणीच दिसतात.

७ मार्च, शुक्रवार

पाचव्या आठवड्याचे पाउच उघडले. सकाळी माझी बाटली – म्हणजे ब्युरेट, पण कारखान्यात सगळे बाटलीच म्हणतात. तेल काढायचं, त्यात रसायनं घालायची, निळा रंग नाहीसा होईपर्यंत थेंब मोजायचे. आकडा जितका मोठा तितका माल खवटपणाकडे सरकलेला. दहाच्या वर नापास. आज अ २.१, ब १.९, क ७.९.

दुपारी तीनला आईचं नाक. तिने तीन वाट्या हुंगल्या, डोळे मिटले, म्हणाली, "अ, ब ठणठणीत. क जरा उतरलाय. खवट म्हणणार नाही अजून."

तंतोतंत! तिला मी आकडे सांगत नाही, कधीच. सलग अठ्ठाविसावा शुक्रवार जुळला. भिंतीवरच्या आलेखात दोन्ही रेषा एकमेकींना चिकटून चालल्यात. सख्ख्या बहिणीही इतक्या चिकटून चालत नसतील. या आलेखाच्या जोरावरच काकांकडून नवं कपाट मिळवलं होतं.

घरी दूध जळलं. आई स्वयंपाकघरातच बसली होती, पातेल्यापासून चार हातांवर, कोडं सोडवत. मी जिन्यात होते तेव्हाच मला कळलं. "अगं, लक्षच नव्हतं," म्हणाली. दुधाने आता चिठ्ठी पाठवायची का?

१० मार्च, सोमवार

मोठ्या गिऱ्हाइकाचा तपासनीस आला. कमी बोलणारा माणूस. दुर्मीळ जात. आलेखासमोर बराच वेळ उभा राहिला.

"वास घेणाऱ्या बाईंना आकडा आधी माहीत नसतो ना?"

"अर्थातच नसतो," मी म्हटलं.

"मग आधी वास, नंतर आकडा, असा क्रम का नाही? म्हणजे कुणी शंकाच घेणार नाही."

राग आला, कारण बरोबर होतं. या शुक्रवारपासून क्रम उलटा.

११ मार्च, मंगळवार

सीलिंगच्या मशीनवरच्या मावशी जेवताना म्हणाल्या, "तुझी आई हल्ली माल चावून बघते गं. आधी नुसती वाटी नाकाशी न्यायची, की झालं."

म्हटलं, वय झालं, भूक लागत असेल.

"भुकेचं तोंड वेगळं असतं, बाई," म्हणाल्या आणि डबा बंद केला. मावशींना दिवसभर तापलेल्या फिल्मचा धूर मिळतो, त्यामुळे अशी गूढ वाक्यं सुचतात.

१४ मार्च, शुक्रवार

सहावा आठवडा. जे झालं ते नीट लिहून ठेवते.

वाट्या मांडल्या. आई दारातच थबकली. "आधी तू तुझं उरकून घे. मी काय, नंतर हुंगते."

"आजपासून उलट करायचं ठरलंय."

"कुणी ठरवलं?"

"मी."

"मग विचारतेस कशाला!"

मी विचारलं नव्हतं. पण ते सोडा.

क चा पाउच कापला तेव्हाच माझ्यापर्यंत आला – जुन्या रंगाच्या डब्याचं झाकण उघडल्यासारखा वास. खवट. शंकाच नाही. आईने वाटी नाकाशी धरली. खूप वेळ. मग वाटीकडे नाही, माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. माझा चेहरा असा आहे की त्यावरून कुणाला काही मिळत नाही. या गुणाचं मला आजवर कौतुक होतं.

"अ, ब चांगले. क गेल्या वेळेइतकाच. पास," आई म्हणाली.

नंतर बाटली. अ २.४, ब २.१, क १४.६. पुन्हा केलं. १४.८. द्रावण नवं करून तिसऱ्यांदा. १४.६.

काका म्हणाले, "तुझी बाटली गेल्या वर्षीची. वहिनींचं नाक इथे बावीस वर्षं आहे."

म्हटलं, तुम्ही स्वतः हुंगून बघा. काकांनी हुंगलं. काका चाळीस वर्षं तपकीर ओढतात. तपकिरीपलीकडे त्यांच्या जगात वासच नाही. "मस्त!" म्हणाले.

दिसलंपाहिजे म्हणाले, "मॅडमना क नकोच आहे. मग त्यांना वास येणारच."

आई खिडकीबाहेर बघत होती. बाहेर पत्र्याची शेड आहे. बघण्यासारखं काही नाही.

१५ मार्च, शनिवार

आईशी बोलले नाही. तीही बोलली नाही. घरात इतकी शिस्त क्वचितच असते.

१७ मार्च, सोमवार

क ठरला.

इतकंच असतं तर सही न करता गप्प बसले असते. पण दिसलंपाहिजेंना आणखी सुचलं. पाउचवर आईचं चित्र छापायचं! हातात वाटी, नाक वाटीशी. खाली ओळ – "बावीस वर्षं. एकच नाक. प्रत्येक खेप." काकांनी टेबलावर थाप मारली. फोटो काढणारा दुपारीच हजर. आईला तीनदा हुंगायला लावलं. "जरा हसत हुंगा ना, ताई." ती हसत हुंगली. वाटी रिकामी होती.

येत्या सोमवारी, चोवीसला, काका सही करणार आणि छपाईचे सिलिंडर कोरायला जाणार. सिलिंडर म्हणजे लोखंडी रूळ. त्यावर एकदा कोरलं की मागे येता येत नाही. सहा महिन्यांनी दुकानादुकानात खवट बदाम, आणि प्रत्येक पाकिटावर माझी आई ते हसत हुंगते आहे. माल दिसेलही!

बाबा गेले तेव्हा मी चार वर्षांची होते. काकांनी आईला ही खुर्ची दिली ती दया म्हणून. "वहिनी, बसून करण्यासारखं काम आहे." पहिल्याच महिन्यात तिने अख्खी खेप नापास केली. काका भडकले. मग त्यांनी एक दाणा चावला. मग खिडकीतून थुंकले. त्या दिवसापासून ती खुर्ची दयेची राहिली नाही. ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकली आहे की कंटाळा यायला हवा. येत नाही.

१८ मार्च, मंगळवार

आज घरी एक प्रयोग केला. परवानगी न घेता.

आई टेबलाशी कोडं सोडवत बसली होती. मी शेजारची खुर्ची ओढली आणि नेलपॉलिश काढायच्या द्रावणाची बाटली उघडून तिच्या कोपरापाशी ठेवली. एरवी मी ती पलीकडच्या खोलीत उघडली तरी हाक यायची – "खिडकी उघड आधी, डोकं उठतं माझं!"

दहा नखं पुसली. सावकाश. नखांना मुळात काही लावलेलं नव्हतं.

आई म्हणाली, "पाच अक्षरी, 'पूर्ण विश्वास ठेवून'. सुरुवात 'नि'."

"निःशंकपणे," मी म्हटलं.

"बसलं!"

बाटलीचं झाकण लावलं. माझं डोकं उठलं होतं. तिचं नाही.

१९ मार्च, बुधवार

जळलेलं दूध. हुंगण्याऐवजी चावून बघणं. गेल्या महिन्यात गॅस चालू राहिला होता, मी ओरडले होते. आणि ऑगस्टमधला ताप – आठ दिवस अंथरुणात, नंतर "तोंडाला चव नाही" म्हणत महिना. मी औषधांचं वेळापत्रक करून दिलं होतं. रंगीत. मुलगी म्हणून कर्तव्य पार पडलं.

रोजच्या ताज्या खेपेला नाक लागत नाही. रंग आणि कुरकुरीतपणा पुरतो. पण शुक्रवारचं काय?

जुने कागद काढले. गेल्या एप्रिलपासून ऑगस्टपर्यंत अठरा शुक्रवार. त्यात सात वेळा आई आणि बाटली जुळले नव्हते. दर वेळी आईच कडक होती, आणि दर वेळी पुढच्या आठवड्यात बाटलीने तिचंच म्हणणं खरं केलं. तापानंतर, हा गेला शुक्रवार सोडून, अठ्ठावीस शुक्रवार. एकदाही चूक नाही.

तेव्हा मी वहीत लिहिलं होतं – "माझा हात सुधारला." अधोरेखित, दोनदा!

नाक गेलेल्या माणसाने अंदाजाने अठ्ठावीस वेळा अचूक सांगणं शक्य नाही. एवढं गणित मला येतं. मग कसं?

२० मार्च, गुरुवार

सव्वासातला कारखान्यात गेले. एरवी साडेआठला जाते.

प्रयोगशाळेच्या दाराला काच आहे. आत आई. चष्मा लावलेला, उभीच. माझी आकड्यांची वही उघडलेली, आणि एक बोट ओळीवरून सरकतंय. ओठ हलत होते. शाळेतली मुलं पाठ करताना हलतात तसे. सहाव्या आठवड्याचं पान. माझे तीन आकडे, तीनदा केलेले. १४.६ खाली बोट थांबलं. बराच वेळ तिथेच राहिलं.

मी दार ढकललं. ती दचकली नाही. फक्त वही मिटली.

"फळी पुसायला आले होते गं. धूळ किती साठते!"

"हो," मी म्हटलं.

तिच्या हातात फडकं नव्हतं.

म्हणजे दर शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत माझी वही, आणि तीनला तिचं नाक. त्या आलेखातल्या दोन रेषा दोन नाहीतच. एकच. मी स्वतःशीच अठ्ठावीस आठवडे सहमत होत होते, आणि तपासनिसाला छाती पुढे काढून "अर्थातच नसतो" म्हणाले.

संध्याकाळपर्यंत तिला विचारायची तीनदा वेळ आली. तीनदा मी फिल्मच्या जाडीबद्दल बोलले.

२१ मार्च, शुक्रवार

आई,

माझ्या वह्या वाचायची तुला सवय आहेच, म्हणून ही पण तुझ्या खुर्चीवर ठेवते आहे. पहिल्या पानापासून वाच, टोमण्यांसकट. तोंडाने मला हे जमलं नसतं. तुलाही सात महिने जमलं नाही, म्हणजे कुणावर गेले आहे ते कळलं.

आज हुंगायचं नाही. तू सुट्टीवर आहेस, असं काकांना सांगितलंय. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांची वेळ उद्या अकराची आहे, मीही येते. आलेख मी भिंतीवरून काढला. तपासनिसाला खरं कळवणार आहे, माझ्या सहीने. एप्रिल ते ऑगस्टचा आलेख नवा काढलाय – ज्यात तू सातदा माझ्या बाटलीच्या पुढे होतीस. खुर्ची कुणाची, हे त्यावर स्पष्ट दिसतं. तोच काकांना दाखवायचा.

सोमवारी सिलिंडर जातील. त्याआधी काकांना कोण सांगणार – तू, मी, की दोघी?

रविवारी संध्याकाळपर्यंत उत्तर दे. याच पानावर, खाली जागा सोडली आहे.