डोन्या इग्नासिया आधी

ग्वाटेमाला शहर

आई, तुझ्या ओदिलियाचा नमस्कार.

मी बरी आहे. बसने पाठवलेले मक्याचे तमालेस पोचले, गरम करून खाल्ले. तुझा गुडघा कसा आहे?

विद्यापीठ माझा ऑनलाइन वर्ग बंद करणार होतं. डोंगरातल्या एकतीस सुईणी शिकतात, पण चर्चेच्या पानावर पंधरा दिवस एक अक्षर नाही. शेवटी एकीला फोन केला.

"बाई, डोन्या इग्नासिया सगळ्यांत मोठ्या. त्यांच्या आधी आम्ही तोंड उघडायचं?"

आणि डोन्या इग्नासियांना त्या पानावर लिहायचं बटणच सापडत नव्हतं! मी त्यांना बोलून आवाज पाठवायला शिकवलं. "बोला गं आता पोरींनो," एवढंच त्या म्हणाल्या, आणि तासाभरात तीस उत्तरं आली.

या सत्रापुरता तरी वर्ग वाचला.

घरी तुझ्याआधी आम्ही कुणी घास घेत नसू, तरी मला हे सुचायला पंधरा दिवस लागले. शहरात फार राहिले ना!

तुझीच,
ओदिलिया