लिफ्टमधलं नवं

घाटकोपर

सेक्रेटरी दीप्तीताईंस,
लिफ्टमन भिकाजीचा नमस्कार.

तुमच्या नोटिशीला आठ दिवसांनी उत्तर लिहितोय, माफी असावी. चौथीपर्यंतच शिकलोय, आणि घाबरलोही होतो. तुम्ही लिहिलंय, "लिफ्टमधला कचरा काढा." तो कचरा नाही. उन्हाळ्यात मी वाळ्याचा पडदा लावतो, श्रावणात तेरडा. आता दसऱ्याला भाताच्या लोंब्या आणि झेंडूची जुडी बांधली. आमच्या कोकणात त्याला नवं म्हणतात.

तरी मंगळवारी सगळं काढलं. संध्याकाळी तुमच्या आई, जानकीबाई, भाजी घेऊन आल्या आणि लिफ्टच्या दारातच थांबल्या.

"ही आमची लिफ्ट नाय. आमची बिल्डिंग कुठाय रे?"

"बाई, मी भिकाजी."

त्यांनी मलाही ओळखलं नाही. मी धावत जाऊन ती जुडी आणली आणि परत बांधली, तेव्हा हसल्या.

"दसरा आला ना? चल, सातवा."

वर पोचल्यावर माझा हात धरून म्हणाल्या, "दीप्तीला सांगू नको हां. घरात कोंडून ठेवील मला."

सांगणार नव्हतो, पण लिहून बसलो. आता हे पत्र तुम्हाला देईन की स्टुलाखाली ठेवीन, माझं मलाच ठाऊक नाही.

पण जुडी काढणार नाही. मला कामावरून काढा, तरी नाही. दिवाळीत कंदीलही लावणार. फक्त एवढं लवकर कळवा, बाईंना कुठल्या रंगाचा कंदील आपल्या घरचा वाटेल?

तुमचा,
भिकाजी