प्रवेश बंदची पाटी

३ मे
साखर पाच किलो, २२०. वेलची, ४०. रिक्षाचे तीस समदने घेतलेच नाहीत. देवळामागच्या अरुंद गल्लीत शिरला म्हणून पोलिसांनी त्याला पाचशेचा दंड लावलाय — तिथे म्हणे प्रवेश बंद. तो भरणार नाही, भांडणार.
"काकी, पाटीच नाय तर दंड कसलो? तुमी येवन सांगा. तुमी खोटा बोलणास नाय, ह्या सगळ्यांका ठावक आसा."
हो म्हणून बसले.
पाटी तिथे नाही हे खरंच. ती आमच्या परसात आहे.

४ मे
शिमग्यानंतरच्या वाऱ्यात खांबावरून सुटून गवतात पडली होती. आठ दिवस कोणी उचलीना. मी आणली, राखेने घासली. मागची बाजू कोरी. तूप लावून तिच्यावर आंब्याचा रस वाळत घालते, आंबापोळीचं साठ कसं गोल सुटतं! नवं ताट घ्यायला नको म्हणून खूश होते. पहिलं साठ देवापुढे ठेवलं.
आज जपाला बसले तर माळ पुढे सरकेना.

७ मे
चौकीत गेले. म्हटलं, साहेब, खांब उघडा आहे. शिमग्यानंतर पाटी पाहिली नाही. — दुसरं वाक्य खोटं. देवाची शपथ मात्र टाळली. केवढा पळपुटेपणा.
साहेब समदकडे वळले. "मग पाटी गेली कुठे? दिवसातून दहा वेळा तिथून तूच जातोस. भंगारात घातलीस ना? आता दंड नाही, चोरीचीच तक्रार घेतो. सोमवारी ये."
"वाऱ्यान पडली आसतली, सायब," समद एवढंच म्हणाला.
मी पदर आवळून बाहेर पडले.

८ मे
ह्यांना सांगितलं. "गप ऱ्हव. सोमवारपर्यंत इसारतले."

९ मे
समदच्या घरी गेले. तो भाड्यावर होता. त्याची बायको सलीमा बांगडे साफ करत होती. दारातच सगळं बोलून टाकलं. ती हसली.
"बसा काकी. गेल्या म्हयन्यात तुमी साठ दिलात, त्येच्यार दोन बोल्टांचे वळ होते. ह्येनी बघल्याबरोबर वळाखल्यानी. साठ मात्र बरा होता हां."
— मग समद चौकीत बोलला का नाही? मला साक्षीला तरी का नेलं?
तिचं हसू गेलं. बांगडा पाण्यात सोडत म्हणाली, "त्यांका वाटला, तुमी आपणहून सांगशात."

१० मे
चौकीत पत्र टाकलं. तोंडी सांगायला गेले तर पुन्हा शब्द फिरवीन, म्हणून लेखी. नक्कल —
"साहेबांस नमस्कार. पाटी मी उचलली, समदने नाही. सात तारखेला खोटं बोलले तेही मीच. पाटी धुऊन ठेवली आहे. ती घेऊन कधी हजर व्हावे, ते उलट टपाली कळवावे. सोमवारच्या आत. — सुगंधा."