अडकित्त्याने कातरलेली गोळी

आई, आज तुझा अडकित्ता आठवला. घाटकोपरच्या खोलीत ओट्याशी उभी राहून तू त्याने एचआयव्हीची गोळी कातरायचीस. अर्धी बाबांना, अर्धी तुला. बाबा दवाखान्याची पायरी चढायला तयार नव्हते. तिथे ओळखीचं कोणी भेटलं तर चाळभर होईल म्हणून. मी विचारलं तर म्हणायचीस, "घरात एकाने खायचं नि एकाने बघत बसायचं, असं असतं का गं?" दर महिन्याला तिथल्या मॅडम तुझी डबी बघून खूश. एकही गोळी चुकलेली नाही! मग रक्ताचा रिपोर्ट बिघडला, तेव्हा त्याच मॅडम सगळ्यांसमोर ओरडल्या, "गोळ्या फेकून देता का हो?" घरात आणखी कोणाला लागतात का, एवढं तरी त्यांनी विचारायचं! अर्ध्या औषधाला हा आजार दाद देत नाही, उलट सरावतो. आधी बाबा गेले, वर्ष फिरायच्या आत तू.

आता दुसऱ्या एका केंद्रात मी त्या मॅडमसारख्याच खुर्चीत बसते. भांडुपची एक बाई येते, शिवणकामाच्या कारखान्यात असते. डबी चोख, रिपोर्ट वाईट. मी दार लावून विचारलं, "नवऱ्याला देतेस ना?" ती रडलीच. "काय करू ताई? रिक्षा चालवतो, सगळा स्टँड ओळखतो त्याला. इथे येत नाय म्हणतो." मी म्हटलं, मुलुंडच्या केंद्रात पाठव, तिथे कोण ओळखतंय? दुपारची वेळ सांगून ठेवली. त्याला स्वतः फोन केला. "बघतो," म्हणाला. गेला नाही. पुन्हा वेळ घेतली, पुन्हा तेच. शेवटी मी तिला सांगितलं, "डबी घरी नेऊच नकोस. कारखान्यात जेवताना घे. अख्खी, आणि तू एकटीने."

आज ती आली. रिपोर्ट सुधारलाय, अंग धरलंय. पण चेहरा पडलेला. "रात्रभर खोकतो, ताई. माझ्याकडे बघत राहतो. मागत नाय." मी तिच्यासमोरच त्याला फोन लावला. त्याने उचलला नाही. मी उद्या पुन्हा लावीन, परवाही लावीन. तिला मात्र एवढंच म्हटलं, गोळी सोडायची नाही.

हे सांगताना माझा आवाज जरासुद्धा हलला नाही, आई, आणि त्याचीच मला भीती वाटली. बाबांचा माझ्यावर फार जीव होता. तरी मला वाटतं, त्यांची अर्धीही तूच खायला हवी होतीस. हे मी तुझ्या तोंडावर म्हणाले असते तर तू मुस्काटात ठेवून दिली असतीस. ठेवून दे, पण तू हवी होतीस.