काळी कॉफी आणि बहात्तर किलोची आजी

तीर्थस्वरूप वन्संना धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार. (गुडघ्यामुळे खरं वाकता येत नाही, मनातल्या मनात वाकले आहे, पण पुरतं वाकले आहे.) तुमची कंबर कशी आहे? भाऊजींचा खोकला थांबला का? इकडे सगळे खुशाल. तुमचे भाऊ सकाळी पेपर वाचून साऱ्या जगावर रागावतात, म्हणजे तब्येत झकास.

आता खाली बसून वाचा. मी आकाशात जाऊन आले! वरच्या आकाशात नव्हे हो, जिथून परत येता येतं त्या. आपली नात टिकली विमान चालवायला शिकवते हे तुम्हाला ठाऊकच आहे. दोन खुर्च्यांचं विमान, स्कूटरला पंख लावावेत एवढंसं. येत्या वीस तारखेला ती परगावी मोठ्या विमानांवर निघाली, आणि तिथे शेजारी आजी चालत नाही. म्हणून दीड महिन्यापूर्वी म्हणाली, “आजी, जायच्या आधी तुला एकदा वर नेते. पण शेजारच्या खुर्चीला बहात्तर किलोच चालतात हं.” मी सत्त्याहत्तर. तुमच्या भावांनी लगेच विचारलं, “मग थोडी आजी खाली ठेवून जायचं का?” मी त्याच दिवशी ठरवलं, या पोरीच्या शेजारी बसल्याशिवाय राहायचं नाही. तिला पहिलं पाऊल टाकायला मी शिकवलं, ती मला उडवते म्हणते, आणि मी पाच किलोंसाठी अडू?

वरच्या मजल्यावर एक व्यायामशाळेतले मास्तर राहायला आलेत. (मुलगा सालस आहे, लग्नाचा आहे, दंड उशीएवढे. तुमच्या पुतणीसाठी बघा.) त्यांनी सांगितलं, जेवणाआधी अर्धा तास काळी कॉफी घ्या, बिनदुधाची, बिनसाखरेची, भूक मरते. पहिला घोट घेतला आणि वाटलं, जळलेलं भांडं विसळून पितेय. पण भूक खरंच मेली! तासभर. मग ती जी जिवंत झाली ती सगळं गणगोत घेऊनच आली. चार टोस्ट कधी संपले ते मलाही कळलं नाही. तुमच्या भावांना कळलं, त्यांनी मोजले होते.

पण पहिल्या आठवड्यात दोन किलो उतरले हो! (वजन मी गिरणीत करते, पिठाच्या काट्यावर. गिरणीवाला दरवेळी विचारतो, “आजी, जाडं दळू की बारीक?” रांगेतल्या बायका फिदीफिदी हसतात. हसू देत.) उतरणारच. दर अर्ध्या तासाला मोरीकडे धाव, दोन किलो तिथेच गेले असणार. शिवाय अंगात असा हुरूप आला की मी सगळी कपाटं आवरली, शेजारणीचंही एक आवरलं. हात असे थरथरायचे की सुईत दोरा ओवता येईना. छातीत धडधड, घशाशी आंबट, आणि झोप तर माहेरी गेल्यासारखी गेली, परतायचं नावच नाही. डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी रक्तदाब बघितला, मग माझ्याकडे बघितलं. “किती कप घेता?” सात, म्हटलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, “आजी, भूक कॉफीने थोडा वेळच दबते. गेलं ते बरंचसं पाणी. आणि खरं जे काही उतरलं ना, ते चहातली रोजची बारा चमचे साखर सुटली म्हणून.” सकाळी एक-दोन कप घ्या, दुपारनंतर शिवायचं नाही, असं बजावलं. म्हणजे श्रेय साखरेचं आणि मिरवत होती कॉफी! आपल्या घरातही असंच चालतं, पण ते असो.

एवढं करून काटा त्र्याहत्तर-चारशेवर रुतून बसला. टिकलीने ठरवलेला रविवार तर आला. मग मी अक्कल चालवली. (डॉक्टरीणबाईंना सांगू नका.) सकाळी उठून मोठे तीन पेले काळी कॉफी प्याले, पाण्याचा थेंब नाही, चार वेळा मोरीत जाऊन आले, गळ्यातलं, हातातलं सगळं उतरवलं, स्वेटरही घेतला नाही. विमानतळावरच्या काट्यावर एकाहत्तर-नऊशे! तिथला मेकॅनिक म्हणाला, “चढा आजी.” वन्सं, काय सांगू! जमीन सुटली आणि माझ्या डोळ्यांना धार लागली. आपलं घर काडेपेटीएवढं, गच्चीवर तुमचे भाऊ ठिपक्याएवढे. (तरी हात वर करून काहीतरी सूचना देत असणार.) आणि शेजारी टिकली, कानाला यंत्र लावून, अशी शांत, की हिला मी नाक पुसायला शिकवलं यावर माझाच विश्वास बसेना.

आणि तेवढ्यात पोटातल्या तिसऱ्या पेल्याने हाक मारली. आधी हळू, मग खणखणीत. मी दात आवळले, देव आठवले, खाली नदी दिसली तेव्हा तर डोळेच मिटून घेतले. टिकलीने विचारलं, “आजी, भीती वाटते का?” मी म्हटलं, “भीती नाही गं, कॉफी!” चाळीस मिनिटांची फेरी नऊ मिनिटांत आटोपली. चाकं थांबताच मी जी धावले, त्यावर मेकॅनिक म्हणाला, “एवढ्या वेगात तर आमचं विमान उडतं.” पोरगी हसून हसून पंखाला टेकली. रागावली नाही. म्हणाली, “अजून एक रविवार आहे आजी. पण कॉफी न पिता यायचं.”

असो. सगळ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमची भावजय

ता. क. कॉफी सोडून पाणी प्याले तर आज काटा त्र्याहत्तर-सहाशे दाखवतो. रविवारला सहाच दिवस आहेत. राग मानू नका वन्सं, पण थोरला पोटात असताना तुमच्याकडे पंधरा दिवस राहिले होते तेव्हा चार किलो उतरले होते. तुमच्या हातचं वाढायचं माप मला अजून कुठे भेटलं नाही. तेवढे सहा दिवस ठेवून घ्याल का?

ता. क. दुसरा. टपालाने दोन दिवस जातील म्हणून पत्र मीच घेऊन आले आहे. वाचून होईपर्यंत तुमच्या पायरीवर बसले आहे. सावकाश वाचा, पण उत्तर दार उघडूनच द्या.