ग्रीझाच्या डोळ्यांवरचे केस

प्रिय सांतिना,

हे पत्र तुला शनिवारच्या आत मिळायला हवं. पिएरा म्हणते, सोमवारी टाकलेलं पत्र बेर्गामोला गुरुवारी पोचतं. पण पिएरा पत्रं वाटते, खालची गाडी काही ती चालवत नाही. म्हणून मी दोन तिकिटं लावली आहेत. तिसरंही लावणार होतो, तर ती मला हसली. माझं अक्षर तुला ठाऊक आहे. तिसरीतून उठून मेंढ्यांमागे गेलेल्या माणसाचं अक्षर आहे, हळू वाच.

काल बारवाली इर्मा धापा टाकत वर आली. तुलियोचा तिच्या बारमध्ये फोन आला होता. निरोप असा, की रविवारी तो गाडी घेऊन येतो आणि ग्रीझाला घेऊन जातो. इर्माने त्याचे शब्द जसेच्या तसे सांगितले, मी दोनदा विचारलं म्हणून. तो म्हणाला, "माझ्या चुकीपायी त्या कुत्रीला खाली मान घालायला लागली. म्हातारपणी तरी माझ्याकडे राहू दे."

इर्मा म्हणाली, असा जावई नशिबानेच मिळतो. मी तिला खुर्चीही दिली नाही.

संत मार्टिनच्या दिवशी, म्हणजे पुढच्या मंगळवारी, मी सामान हलवतो आहे. खालच्या ननबाईंच्या आश्रमात खोली मिळाली. खुब्याच्या हाडामुळे आणखी एक हिवाळा इथे एकट्याने काढता येणार नाही, हे सगळ्यांनी मिळून ठरवलं आहे. मेंढ्या सप्टेंबरातच वरच्या कुरणावरचा बत्तिस्ता घेऊन गेला. आश्रमात कुत्रं चालत नाही. बत्तिस्ताला विचारलं, तर म्हणाला, काम करणारं कुत्रं असतं तर ठेवलं असतं. मग दरीत विचारायला कोणी उरलं नव्हतं. बारा वर्षांच्या कुत्रीला कोण घेणार?

तेव्हा तिची निगा कशी ठेवायची ते लिहितो. तुला अर्धं माहीत आहे, पण तू विसरली असशील. तिला कंगवा लावायचा नाही, कधीच नाही. शेजारपाजारचे म्हणतील, ही काय घोंगडी झाली आहे, कापून टाका. ऐकू नका. पिएरासुद्धा पहिल्यांदा आली तेव्हा विचारत होती, आजोबा, हे पायपुसणं वाळत घातलंय का? ग्रीझा एक वर्षाची झाली तेव्हा आतली लोकर आणि वरचे राठ केस एकमेकांत गुंतायला लागले, आणि आपण दोघं शेगडीशी बसून तीन दिवस तिचे पट्टे हातांनी फाडत होतो, आठवतं? तुझी बोटं सोलली होती. तरी ती कुं म्हणाली नाही, फक्त अधूनमधून उठून पाणी पिऊन परत आपल्या जागी येऊन बसायची, जणू आपणच दमू नये म्हणून. ते पट्टे आता जमिनीला टेकतात. त्यांत थंडी शिरत नाही, लांडग्याचा दातही शिरत नाही. आंघोळ वर्षातून एकदा, जुलैत, सकाळी लवकर. वाळायला दोन दिवस लागतात आणि ओली राहिली तर कुबट वास मारते. शेगडीजवळ घेऊ नका. बोटांच्या मधे बर्फाच्या गोळ्या अडकतात, त्या कोमट पाण्याने सोडवायच्या, ओढायच्या नाहीत. मक्याच्या पिठाची पोलेंता चीजच्या पाण्यात कालवून दिली की खाते. घरात झोपत नाही, उंबऱ्यावर झोपते. बेर्गामोत तिसऱ्या मजल्यावर उंबरा असतो का, ते मला माहीत नाही.

स्वभाव तुला माहीत आहे. शीळ ऐकली की लगेच धावणाऱ्यांतली ही जात नाही. ऐकते, पण आधी स्वतःशी विचार करते आणि पटलं तर जाते. माझे वडील म्हणायचे, हे कुत्रं नोकर नाही, भागीदार आहे. बत्तिस्ता मात्र तिची थट्टा करायचा, "बोर्तोलो, तुझ्या कुत्रीचं तोंड कुठलं आणि शेपूट कुठली ते आधी ठरव, मग शीळ घाल." त्या स्वभावामुळेच मी फसलो, सांतिना. ती काही वेगळं वागली की मला वाटायचं, हिने विचार करून वागलं असेल.

आता एक गोष्ट, ती तुलियोला येण्याआधी माहीत हवी. ग्रीझा आंधळी आहे.

सप्टेंबरच्या शेवटी लार्चच्या झाडाची राळ तिच्या कपाळावरच्या केसांत चिकटून दगडासारखी झाली. पाणी, लोणी, काहीच चालेना. शेवटी कात्री घेतली. तुला माहीत आहे, आपल्याकडे डोळ्यांवरचे केस कोणी उचलत नाही. बर्फावरच्या उन्हाने बुबुळं जळतात म्हणून ते केस देवाने दिलेत, असं मी ऐकत आलो. माझ्या वडिलांनी कधी उचलले नाहीत, आजोबांनी नाहीत. बारा वर्षांत मी माझ्या कुत्रीचे डोळे पाहिले नव्हते. केस कापले आणि खाली दोन्ही डोळे पांढरे, उकडलेल्या माशाच्या डोळ्यांसारखे. मी कात्री तिच्या नाकासमोरून नेली. तिने मान हलवली नाही.

गुरांच्या डॉक्टरीणबाईला बोलावलं. ती तरुण आहे, पण हात थंड नाहीत तिचे. तिने छोटा दिवा लावून पाहिलं आणि म्हणाली, हे आजचं नाही, चार-पाच वर्षांचं आहे. मी म्हटलं, चार-पाच वर्षं ती माझ्या मेंढ्या राखत होती. ती म्हणाली, "नाकाने, कानांनी आणि पायांच्या आठवणीने राखत असेल. तुम्हाला कळलं कसं नाही?" तेव्हापासून माझं जेवणावर लक्ष नाही.

म्हणून, घरातलं सामान हलवू नका. पाण्याचं भांडं एकाच जागी ठेवा. हात लावण्याआधी बोला. जिन्याचं तोंड फळीने बंद करा. माझ्या मनात सारखा तो जिनाच येतो.

तू मला सांगितलं होतंस. तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात, मेंढ्या कड्यावरून गेल्या त्याच्या आधी, ती दाराच्या चौकटीला धडकली तेव्हा तू म्हणालीस, बाबा, केस जरा वर करून बघू दे. मी तुझा हात झटकला. शहरातल्या बाईचं खूळ, असंही काहीतरी बोललो. तू तेव्हा शहरात राहतही नव्हतीस.

आणि मग तो धुक्याचा दिवस. तुलियो वाटेच्या तोंडाशी शीळ घालायला होता, मी मागे, ग्रीझा मेंढ्यांच्या बाजूने. रात्रीच्या पावसात वाटेची कड खचली होती, ते तिघांपैकी कोणालाच माहीत नव्हतं. ती रोजच्याच वाटेने रोजच्यासारखी धावली, आणि कडेला नेमकी थांबली, वारा खालून आला म्हणून थांबली असेल. पण तिच्या पुढच्या नऊ मेंढ्या थांबल्या नाहीत. डोळे असते तर दोन पावलांवरची ती खचलेली कड तिला धुक्यातही दिसली असती.

वरच्या कुरणाचा रिवाज तू जाणतेस. ज्या कुत्र्याने मेंढ्या कड्यावरून घातल्या, ते कुत्रं हिवाळ्यात खाली येत नाही. मालकानेच त्याला वर संपवायचं. संध्याकाळी सगळे बत्तिस्ताच्या झोपडीत बसले आणि त्याने विचारलं, दोष कुणाचा? सगळे माझ्याकडे बघत होते. ग्रीझा बाहेर उंबऱ्यावर बसली होती. मी म्हणालो, शीळ चुकली.

तुलियोने माझ्याकडे पाहिलं. भांडला नाही, ओरडला नाही. हळू आवाजात विचारलं, "बाबा, मी कुठली शीळ दिली?"

मी म्हणालो, "एकच लांब दिलीस."

एक लांब म्हणजे पुढे हाक. दोन आखूड म्हणजे थांबव आणि वळव. त्याने मान खाली घातली. माझ्या कानांवर त्याचा विश्वास स्वतःच्या ओठांपेक्षा जास्त होता. तीन वर्षं झाली. तो सिमेंटच्या गोदामात पोती मोजतो आहे, आणि तूच लिहिलं होतंस, की तो पोराला हाक मारायलाही शीळ घालत नाही. ग्रीझाला त्या दिवशी वाचवून घरी आणली आणि गोठ्यामागे नेऊन काठीने झोडली, कारण मला वाटलं हिने मुद्दाम ऐकलं नाही. काठी कुठून येते ते तिला कळत नव्हतं. प्रत्येक फटक्याला ती भलत्याच बाजूला वळायची. मला तो उर्मटपणा वाटला.

हे पत्र निगेसाठी लिहायला घेतलं होतं, पण तुलियोचा निरोप ऐकल्यापासून मला दुसरंच काही लिहायचं होतं, ते चार पानं पुढे ढकलत आलो. मी गप्प राहिलो तर तो रविवारी येईल, तिला उचलून घेऊन जिने चढेल आणि मरेपर्यंत तिची सेवा करेल, हे मला पक्कं माहीत आहे. मला दुसरं काही नको आहे या जगात. पण तो तिला ज्या चुकीपायी नेतो आहे, ती त्याने केलीच नव्हती. त्याने दोन आखूडच शिळा दिल्या होत्या. स्वच्छ, धुक्यातून आरपार. मी ऐकल्या होत्या. मी तेव्हाही ऐकल्या होत्या, सांतिना. हे त्याला वाचून दाखव, सगळं, गाळू नकोस. मग यायचं की नाही ते त्याचं त्याने ठरवावं. रविवारी दुपारपर्यंत मी वळणाकडे तोंड करून बाकावर बसेन. गाडी दिसली नाही तर मला कळेल, आणि तुम्हा दोघांवर माझा राग नसेल. डॉक्टरीणबाई सोमवारी सकाळी ग्रीझासाठी शेवटची सुई घेऊन येणार आहे. तिला मी अजून नको म्हटलेलं नाही.

तुझाच,
बाबा