घरच्यांचे थेंब

समुद्रात नांगरलेल्या दीपनौकेवरून, ऑक्टोबर

प्रिय योहाने,

मी मजेत आहे. तू विणलेले पायमोजे उबदार आहेत. गाईचा पाय बरा झाला का?

शेजारचा लॉरिट्स छप्पर शाकारून गेला, हे कळलं. कॉफीनंतर तू त्याला विचारलंस म्हणे, "ड्रोबर घेणार का? थोडे थेंब?" पाद्रीबुवांना आपण ब्रँडी विचारतो, व्यापाऱ्याला एखादा पेला. थेंब फक्त घरच्या माणसाला विचारतात. सतरा वर्षं तू मलाच विचारत आलीस.

पाणथळातली पानं वेचून, दारूत घालून ती बाटली मीच मुरवली होती. रागावलो नाही. छप्पर गळत होतंच.

तो पुन्हा आला तर दुकानातली ब्रँडी दे. थेंब संपले म्हणून सांग. खरंच संपले असतील, तर मला कळवू नकोस.

तुझ्या घरचा माणूस,
थोर्वाल